हौद्यातला गोळा

अंगाने हा अगदी बेताचा. व्यास दोन पूर्णांक पाच सोळांश इंच, म्हणजे 58.7 मिलिमीटर. कारखान्यातून येताना चकाकत येतो, पण ती चकाकी पहिल्या मोसमातच जाते आणि पुढे जन्मभर अंगावर ग्रीसचा काळा थर वागवतो. त्याला उघड्या हाताने कुणी शिवत नाही. शिवलंच आणि हात पॅन्टला पुसले, तर ती पॅन्ट पुन्हा शहरात घालायच्या लायकीची राहत नाही.

राहायचं ठिकाण ठरलेलं. पिकअप ट्रकच्या हौद्यात, अगदी मधोमध, मागच्या आसाच्या किंचित पुढे. काम एकच. ट्रेलरची पुढची दांडी हौद्याच्या मागच्या फाळक्यावरून आत येते, वाकते, खाली उतरते आणि तिच्या टोकाची वाटी या गोळ्यावर बसते. मग ट्रक जाईल तिकडे ट्रेलर. अमेरिकेत याला गूसनेक हिच म्हणतात. एवढ्याशा गोळ्याच्या नावावर 30,000 पौंडांपर्यंतचं, म्हणजे सुमारे 13,600 किलोंचं रेटिंग असतं. त्याहून जड ओढायचं असेल तर तीन इंची थोरला भाऊ आहे.

पण मी याचा चाहता झालो तो ताकदीमुळे नव्हे. ओढणारे पुष्कळ आहेत. काम नसलं की वाटेतून बाजूला होणारे फार थोडे, आणि हा त्या थोड्यांतला. चाकाच्या कमानीतून हात घालून एक मूठ ओढायची की खालची पिन सुटते. गोळा वर उचलायचा, उलटा करायचा आणि आला त्याच भोकात डोकं खाली घालून सोडून द्यायचा. मूठ परत आत ढकलली की झालं. हौद्याच्या तळाशी आता फक्त एक गोल चकती दिसते, तळाच्या जवळपास बरोबरीत. त्यावरून फावडं फिरवा, पेट्या सरकवा, कशाला काही अडत नाही. गोळा कुठे गेला ही शोधाशोधही नाही, कारण तो गेलेलाच नाही. डोकं खाली घालून तिथेच उभा आहे.

या उलट्या होणाऱ्या जातीचं कूळ कॅन्सस राज्यातल्या हम्बोल्ट गावचं. निओशो नदीकाठी वसलेलं, दोन हजारांच्या आत वस्तीचं गाव. तिथे 1987 मध्ये जो वर्क्स आणि रॉजर बेकर या दोघांनी ट्रेलर हिच बनवण्याचा धंदा काढला. आडनावांची आद्याक्षरं घेऊन कंपनी झाली बी अँड डब्ल्यू, आणि त्यांच्या गोळ्याचं नाव पडलं टर्नओव्हर बॉल. मोठ्या मंदीत मागणी आटली तेव्हा कंपनीने कामगारांना घरी न बसवता पगार चालू ठेवून गावातल्या दुरुस्तीच्या आणि रंगरंगोटीच्या कामांना लावलं, ही गोष्ट त्या भागात अजून सांगतात. आता असे गोळे इतरही बनवतात. कुणाचा गोळा उलटा होतो, कुणाचा काढून डब्यात ठेवावा लागतो. डब्यातला गोळा नेमका हवा त्या दिवशी दुसऱ्या गाडीत असतो, म्हणून माझं मत उलट्या होणाऱ्याच्याच पारड्यात.

बाजूला होण्याचं एवढं कौतुक कशाला, हे कळायला पिकअप कसा वापरतात ते बघावं लागतं. कॅन्सस-मिझुरीकडचा लहान शेतकरी हौद्यात काय टाकेल याचा नेम नसतो. सकाळी गुरांच्या खाद्याची पोती. दुपारी खडी. शनिवारी मुलीच्या कॉलेजच्या खोलीतला सोफा. मध्येच गवताचा गोल गठ्ठा, जो एकटाच साडेचारशे ते सातशे किलो भरतो. प्लायवूडचा चार बाय आठ फुटी ताव तर या ट्रकांच्या पाचवीलाच पुजलेला: मोठ्या पिकअपमध्ये दोन चाकांच्या कमानींमधलं अंतर चार फुटांहून थोडं जास्तच असतं, त्यामुळे ताव तळाला सपाट बसतो. अशा हौद्याच्या मधोमध लोखंडाचं काही कायमचं उभं राहिलं की प्लायवूड तिरका, पोती वाकडी, आणि खडी खोऱ्याने काढताना दर चौथ्या फटक्याला खण्ण. आणि याच माणसाला महिन्यातून दोनदा बाजाराला गुरं न्यायची असतात, तेव्हा दमदार हिच तर हवाच.

त्याच्यासमोर दोन चुलतभाऊ उमेदवार म्हणून उभे असतात.

पहिला रिसीव्हर. हा हौद्यात येतच नाही. ट्रकच्या मागे, बंपरखाली, दोन इंची चौकोनी नळी तोंड उघडून बसलेली असते. तिच्यात गोळ्याचा दांडा खुपसायचा, आडवी पिन मारायची आणि ट्रेलर जोडायचा. स्वभावाने गरीब, किमतीला स्वस्त, कुणाच्याही ट्रकला चालतो. बोट, गवत कापायचं यंत्र, भाड्याने आणलेला छोटा ट्रेलर यांच्यासाठी याच्यासारखा दुसरा नाही. हौदा तर सगळा मोकळा. मग भानगड कुठे आहे?

भानगड तो उभा राहतो त्या जागेत आहे. मागच्या आसाच्या चार फूट मागे उभं राहून तो वजन घेतो, म्हणजे ट्रकची तरफ होते. साधा हिशेब करून बघा. ट्रेलरच्या जिभेचं वजन, म्हणजे ट्रेलर पुढच्या टोकाने जेवढं खाली दाबतो ते, धरा 450 किलो. ते मागच्या आसापासून 1.2 मीटर मागे पडतं. ट्रकच्या दोन आसांमधलं अंतर 3.6 मीटर. तर मागच्या आसावर 450 नव्हे, 600 किलो वाढतात, आणि वरचे 150 किलो पुढच्या आसावरून उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं, ब्रेकला पुढे पकड उरत नाही, आणि रात्री दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. त्यात हौद्यात आधीच खडी असली तर विचारायलाच नको.

यावर उतारा म्हणून वेट डिस्ट्रिब्यूशन हिच असतो. त्यात साखळ्यांनी ताणलेल्या स्प्रिंगच्या दांड्या असतात, त्या मागचं काही वजन उलटं ढकलून पुढच्या आसावर परत नेतात. युक्ती उत्तम, पण तिची जुळवणी करायची ती ट्रक प्रवासाला निघेल तसा भरून. कॅम्पिंगला निघालेलं कुटुंब दर खेपेला तेवढंच सामान घेतं, त्यामुळे त्यांचं एकदा जुळवलं की जुळलं. हौद्यात आज शंभर किलो आणि उद्या पाचशे, असा ज्याचा कारभार आहे त्याने साखळीच्या कड्या किती वेळा मोजायच्या? त्या कुणी मोजत नाही. पहिल्या दिवशी बसवलेल्या कडीवरच वर्षं निघतात.

दुसरा चुलतभाऊ फिफ्थ व्हील. हा खानदानी. मोठ्या मालवाहू ट्रकांच्या मागे जे काळं, ग्रीस चोपडलेलं, खाच असलेलं ताट दिसतं, त्याचीच ही धाकटी पाती. घराणं जुनं. 1914 मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने एका लाकडाच्या व्यापाऱ्याची बोट फोर्ड मॉडेल टी गाडीमागून ओढण्यासाठी ट्रेलर बनवून दिला आणि पुढे तो स्वतःच ट्रेलरांचा मोठा कारखानदार झाला. आसावर वजन घ्यायचं आणि मागून ओढायचं ही रीत तिथपासून अमेरिकेच्या रस्त्यांवर रुळली. पिकअपच्या हौद्यातलं ताट त्याच रीतीचं. ट्रेलरच्या पुढे खाली लोंबणारी जाड खुंटी या ताटाच्या खाचेत शिरते आणि जबडे तिला आवळून धरतात. चाल याची एकदम शांत. राहत्या घरासारखे मोठे कॅम्पर ओढायला याच्याइतका समजूतदार कुणी नाही. जोडायलाही सोपा, कारण मागे येताना खाच खुंटीला वाट दाखवते आणि ड्रायव्हरला मागच्या काचेतून सगळं दिसतं.

पण हा पाहुणा एकदा आला की जागा अडवून बसतो. वजन साठ किलोंपासून शंभराच्या पुढेपर्यंत. काढायचा म्हटलं तर दोन माणसं हवीत, त्यांतल्या एकाची कंबर तरी धड हवी. ताट काढलं तरी जुन्या पद्धतीच्या बसवणीत तळाला बोल्ट केलेले दोन आडवे रूळ उरतातच, आणि खोरं अडकायचं ते नेमकं तिथे. आता फोर्ड, शेव्रोले, रॅम यांच्या दणकट ट्रकांच्या हौद्याला कारखान्यातूनच चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे खळगे मिळू शकतात. त्यांत ताटाचे पाय बसतात, आणि ते काढलं की तळ सपाट. सुधारणा चांगली आहे. कंबरेचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

आपला गोळा या दोघांच्या मधला. जागा घेतो फिफ्थ व्हीलची, म्हणजे आसाच्या माथ्यावर, त्यामुळे तरफेचं दुखणं नाही. पुढची चाकं जमिनीला धरून राहतात. आणि जागा सोडतो ती रिसीव्हरसारखी. खरी ताकद त्या गोळ्यात नसून हौद्याखाली आहे, तिथे ट्रकच्या चासीला आडव्या तुळया बोल्ट केलेल्या असतात. वर दिसतं ते फक्त साधारण चार इंचांचं भोक, आणि गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सुरक्षेच्या साखळ्या अडकवायच्या कड्या, ज्या वापर नसला की खाली दबून बसतात. नव्याकोऱ्या ट्रकच्या तळाला हे भोक पाडायची वेळ येते तेव्हा मालकाचा चेहरा बघावा. पन्नास-साठ हजार डॉलर मोजून आणलेली वस्तू, आणि पहिलं काम काय, तर तिला करवतीने भोक.

गोळ्याचा आणखी एक गुण मला विशेष वाटतो. याला बाहेर काढून याच्याच भोकात फिफ्थ व्हीलचं ताट बसवता येतं. तशी ताटं मुद्दाम दोन तुकड्यांत बनवतात, एका वेळी एकच तुकडा उचलावा लागावा म्हणून. म्हणजे आठवडाभर खडी, शनिवारी गुरांचा ट्रेलर, आणि जुलैत सासरच्या मंडळींचा कॅम्पर घेऊन कोलोराडो, हे सगळं एकाच भोकातून पार पडतं.

उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे सारं बघताना एक फरक खटकतो. आपल्याकडची चार चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरच्या हुकावर जवळपास वजन टाकतच नाही. तिचा पुढचा आस स्वतःचा असतो, दांडी फक्त ओढून नेते. पिन लोंबत का असेना, ती जागेवर असली की गडी निर्धास्त. वजन हुकावर येतं ते दोन चाकी ट्रॉलीचं, आणि तिच्यात भार मागेपुढे झाला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं हे गावातलं पोरही जाणतं. अमेरिकेतला पिकअप हा कायमच त्या दोन चाकी ट्रॉलीच्या संसारात असतो. ट्रेलरचं काही वजन ट्रकवर आलंच पाहिजे: रिसीव्हरला जोडलेल्या ट्रेलरचं साधारण दहा ते पंधरा टक्के, गूसनेक आणि फिफ्थ व्हीलचं पंधरा ते पंचवीस टक्के. कमी आलं तर हमरस्त्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो, आणि एकदा झुलायला लागलेला ट्रेलर कधीकधी ट्रकलाही सोबत घेऊन जातो. म्हणून ट्रेलर भरताना निम्म्याहून जास्त भार, साठ टक्क्यांच्या आसपास, त्याच्या आसांच्या पुढे ठेवतात.

खरी मेख इथे आहे आणि विकणारे तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. जाहिरातीत आकडा असतो तो ओढण्याचा: इतके हजार पौंड. तो आकडा गाठण्याआधीच बहुतेक ट्रक दुसऱ्या एका आकड्यापाशी थकतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पांढरी-पिवळी पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून या गाडीत किती वजन चालेल, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. हिचवर येणारा ट्रेलरचा भार याच आकड्यातून वजा होतो. हौद्यातली खडीही यातूनच. मागच्या सीटवरचा कुत्राही यातूनच.

धरा, पट्टीवर आकडा आहे 1,500 किलो. गूसनेक ट्रेलर, गुरांसकट, 6,000 किलो. त्याचे वीस टक्के म्हणजे 1,200 गोळ्यावर. हिचचं लोखंड पन्नासेक किलो. उरले 250. नवरा-बायको आणि दोन वाढती मुलं बसली की संपलं. आता मागे वळून हौदा बघा. गोळ्याभोवती, विशेषतः केबिनच्या बाजूला, भरपूर मोकळी जागा दिसते. माणसाच्या मनात येतं, दोन पोती टाकू, डिझेलची टाकी टाकू, जागा तर आहे! जागा आहे, वजन मावत नाही. हौदा रिकामा दिसत असताना ट्रक भरलेला असू शकतो, आणि हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो.

गोळ्याच्या कागदावर 13,600 किलो लिहिलेले असले तरी ती त्याची एकट्याची ऐपत. ट्रक, हिच, वाटी, ट्रेलरचे आस, टायर यांत जो सर्वांत अशक्त, त्याचा आकडा खरा.

आता याचे दुर्गुण. माणसाच्या शब्दचित्रात दोष झाकायची चाल आहे, लोखंडाला ती सवलत कशाला?

एक तर याला जोडणं नाजूक. फिफ्थ व्हीलसारखी खाच वाट दाखवत नाही. ट्रक मागे घेत घेत गोळा वाटीच्या बरोबर खाली आणावा लागतो, आणि ड्रायव्हरला सीटवरून गोळा नीट दिसत नाही. नव्या ट्रकांत हौद्यावर नजर ठेवणारा कॅमेरा असतो. जुन्यांत बायको असते, जी हौद्याच्या कडेशी उभी राहून हातवारे करते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात कित्येक संसारांची कसोटी याच जागी लागते असं मी ऐकून आहे. घाईत मागचा फाळका खाली पाडायचा राहिला की ट्रेलरच्या दांडीने तो चेपलाच म्हणून समजा. आखूड हौद्याच्या ट्रकने कचकन वळण घेतलं तर ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेला भेटायला येतो.

दुसरं, याच्या भोकात सगळं साठतं. गवताचा भुगा, खडीची कच, पेंड, पावसाचं पाणी, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याचा गोळा नोव्हेंबरात डोकं खाली घालून बसला तो मार्चमध्ये उठेचना. मूठ ओढून पाहिली, तेल सोडलं, रबरी हातोडीने समजूत घातली. अखेर दुसऱ्या दिवशी सकाळी तेल मुरल्यावर एका झटक्यात सुटला. हिवाळ्यात एक-दोनदा उगाचच बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत ठेवला असता तर ही वेळ आली नसती, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक सगळ्यांनाच असतं.

तिसरं जरा गंभीर. कॅम्परची खुंटी काढून त्याजागी लांब दांडी बसवायची आणि तो गोळ्यावर टेकवायचा, असा स्वस्तातला मार्ग बाजारात मिळतो. त्या लांबीमुळे कॅम्परच्या चौकटीवर भलताच पीळ पडतो. कॅम्पर बनवणारे बरेच जण अशी दांडी लावल्यास चौकटीची हमी मानत नाहीत. गुरांच्या ट्रेलरची चौकट या गोळ्यासाठीच घडवलेली असते, कॅम्परची नसते. कॅम्पर ओढायचा तर वर सांगितलेलं दोन तुकड्यांचं ताटच बसवावं.

एवढं सगळं मोजूनही मी पारडं गोळ्याकडेच झुकवतो, पण सगळ्यांसाठी नाही. वर्षातून दोनदा बोट न्यायची असेल, तर मागचा रिसीव्हर पुरे. हौद्याला भोक पाडू नका. ट्रकने फक्त कॅम्परच ओढायचा आणि हौद्यात कधी खुर्च्यांपलीकडे काही टाकायचं नाही, तर फिफ्थ व्हील कायमचं बसवा आणि सुखात राहा. पण ज्याच्या हौद्यात सोमवारी काय असेल हे त्याला रविवारी माहीत नसतं, आणि जड ट्रेलरही ज्याचा सुटत नाही, त्याने गोळाच घ्यावा. सोबत मागचा रिसीव्हरही राहू द्यावा, त्याचं याच्याशी भांडण नाही.

टेक्सासात किंवा कॅन्ससमध्ये स्थिरावलेली आपली बरीच मंडळी आता एकर-दोन एकर जागा, दोन घोडे आणि एक पिकअप या टप्प्यावर आली आहेत. त्यांना एवढंच सांगणं. दुकानात हिच बघायला जाण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि त्या पट्टीवरचा आकडा लिहून घ्या. मग नेहमीचा जड दिवस निवडून, माणसं, सामान, भरलेला ट्रेलर, सगळ्यासकट हमरस्त्यावरच्या ट्रकस्टॉपच्या वजनकाट्यावर गाडी चढवा. थोडक्या डॉलरांत प्रत्येक आसाचं वजन छापलेला कागद हातात मिळतो. आणि गोळा घेतलात तर दर वेळी ट्रेलर जोडल्यावर मूठ पूर्ण आत गेली आहे ना, साखळ्या अडकल्या आहेत ना हे बघून, ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हळूच पुढे ओढून पाहा. ट्रेलर जागचा हलला नाही आणि वाटी सुटली नाही, की निघा.